मुंबई-लंडन: अंतर तेच, तास कमी

"तिकडून घरी यायला किती वेळ लागतो रे?" कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून हमखास येणारा प्रश्न. सरळ उत्तर असं: हीथ्रोपर्यंत रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर, तिथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर आणि थेट विमानाला नऊएक तास. मुंबईहून लंडनला येताना वारा समोरून असतो, म्हणून थोडा जास्त वेळ. पण मंडळी, या नऊ तासांमागे आमच्या कॉव्हेंट्रीचाच एक माणूस आहे.

१९३० साल घ्या. गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबरला मुंबईहून बोटीने निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोचले. चौदा दिवस! तारा मात्र १८७० पासूनच समुद्राखालच्या केबलने जात होत्या. म्हणजे वडील गेल्याची बातमी विलायतेत लवकर पोचायची, पण मुलगा तेराव्यालासुद्धा पोचू शकत नव्हता.

तेव्हा विमानं नव्हती असं नाही. इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा मार्च १९२९ मध्येच सुरू झाली होती. तिला सात दिवस लागत आणि गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बाझलपासून इटलीतल्या जिनोआपर्यंत चक्क आगगाडीने जावं लागे! कराचीचं टपाल विमानाने मुंबईला आणलं ते जेआरडी टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी.

त्याच १९३० च्या जानेवारीत हवाई दलातल्या बावीस वर्षांच्या फ्रँक व्हिटलने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. जन्म कॉव्हेंट्रीचा, १९०७ चा. त्याचा विचार साधा होता. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाला अडथळा कमी. पण तिथे पंखा आणि पिस्टन इंजिन दमतात. मग हवा दाबून, इंधन जाळून, तप्त वायूचा झोत मागे सोडला तर? सरकारला त्यात रस वाटला नाही. १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड न भरल्यामुळे पेटंटही गेलं. तरीही १२ एप्रिल १९३७ रोजी इथून जवळच्या रग्बीत त्याचं इंजिन चाललं. जेट विमान आधी उडवलं जर्मनांनी, १९३९ साली. व्हिटलच्या इंजिनाचं विमान १५ मे १९४१ रोजी उडालं.

एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ रोजी कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, ते पंख्यांचंच. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली आणि वेग ९०० च्या घरात गेला. पुढे लांब पल्ल्याची विमानं आली, तसे वाटेतले थांबेही गेले.

त्यानंतर वेग जवळपास तिथेच आहे. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या अनेक विमानांना वळसा पडला. बातमी आता क्षणात येते. माणसाला मात्र तिकीट, हीथ्रो, नऊ तास आणि पुढे गावापर्यंतचा रस्ता धरून जवळजवळ अख्खा दिवस लागतो. अंत्यदर्शन चुकू शकतं, पण दहावा-तेरावा चुकत नाही.

इथे मिलेनियम प्लेसमध्ये व्हिटलचा आकाशाकडे पाहणारा पुतळा आहे. कधी आलात तर जरूर बघा. चौदा दिवसांचे नऊ तास करण्यात त्याचा वाटा मोठा आहे.