दिव्यांवरून वस्ती मोजताना

नांदेड आणि लातूर ही गावे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, हे आपण मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात वारंवार वाचतो. त्याच संस्थानाच्या इतिहासातले एक पान मात्र मराठी वाचकाने फारसे उलगडलेले नाही. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने 1901 मध्ये 15 इंची दुर्बीण विकत घेतली आणि हैदराबादजवळ फिसलबंडा येथे वेधशाळा थाटली. 1907 मध्ये नवाब वारले आणि 1908 मध्ये निजाम सरकारने ती वेधशाळा आपल्याकडे घेऊन बेगमपेठेला हलवली. तेव्हापासून तिचा खर्च ज्या खजिन्यातून होऊ लागला, त्यात गोदाकाठच्या आणि मांजराकाठच्या शेतकऱ्यांनी भरलेला साराही होता. आपल्या पैशातून कोणीतरी तारे मोजत आहे, याची त्या शेतकऱ्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मोजणी मात्र खरोखरीच चालली होती. 1887 मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने सगळ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करायचे ठरवले आणि आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून दिले. दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांचा पट्टा पुढे निजामिया वेधशाळेकडे आला. तो संपल्यावर जर्मनीतील पॉट्सडॅमकडून राहून गेलेला उत्तरेकडील 36 ते 39 अंशांचा पट्टाही तिनेच घेतला. काचेच्या पट्ट्यांवर उमटलेल्या एकेका ठिपक्याची जागा आणि तेज मोजून लिहून ठेवायचे, असे हे काम. सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी अशा रीतीने झाल्या. टी. पी. भास्करन हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच कामात गेला. संस्थानी कारभाराविषयी आपल्या मनात जे चित्र असते, त्यात हा चिवटपणा बसत नाही. पण तो होता, आणि तो नोंदवलाच पाहिजे.

या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. जेथे ठिपके दाट, तेथे द्रव्य दाट. जेथे ठिपके विरळ, तेथे पोकळी. ताऱ्यांच्या बाबतीत ते बरेचसे चालून गेले. ताऱ्यांच्या जागी दीर्घिका आल्या तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू झाली, आणि तिच्या एका टप्प्यावर एक मराठी नाव ठळकपणे भेटते.

फेब्रुवारी 1961 मध्ये केंब्रिजचे मार्टिन राइल यांनी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत आपल्या रेडिओ स्रोतांच्या गणनेचे निष्कर्ष मांडले. स्रोत सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर साध्या भूमितीप्रमाणे तेजाची मर्यादा चौपट खाली आणली की मोजलेल्या स्रोतांची संख्या आठपट व्हायला हवी. राइल यांना ती त्याहून जास्त आढळली. मंद, म्हणजे दूरचे आणि म्हणून जुन्या काळातले स्रोत अधिक आहेत. अर्थात विश्व पूर्वी वेगळे होते आणि फ्रेड हॉइल यांचा स्थिरस्थिती सिद्धांत खोटा ठरतो, असा त्यांचा दावा होता. हॉइल यांच्या बाजूने सभेत उत्तर देण्याचे काम आले ते त्यांच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांकडे.

ते उत्तर विलक्षण होते. हॉइल आणि नारळीकर यांनी म्हटले, की स्रोत सारखे विखुरलेले आहेत हेच मुळात कशावरून? समजा दीर्घिका सोळा-सतरा कोटी प्रकाशवर्षे व्याप्तीच्या महासमूहांत दाटलेल्या आहेत, मध्ये ओस पोकळ्या आहेत, आणि आपण एखाद्या विरळ जागी बसलो आहोत. मग आपल्याजवळ स्रोत कमी दिसतील आणि दूर गेल्यावर ते एकदम वाढल्यासारखे वाटतील. विश्वाच्या इतिहासात बदल झाला असे मानण्याची गरज उरणार नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर विश्व गुठळ्यागुठळ्यांचे असेल, हे तेव्हा फारच थोड्यांना पटण्याजोगे होते.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. 1965 मध्ये सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वभूमीचा शोध लागला आणि बहुतेकांनी स्थिरस्थिती सिद्धांत सोडून दिला. परंतु विज्ञानाचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा निकालपत्र लिहितात आणि युक्तिवाद फेकून देतात. 1981 मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेने प्रचंड पोकळी सापडली. 1989 मध्ये मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षे लांबीची दीर्घिकांची भिंत दाखवली. खटला हरला, पण त्यात मांडलेली साक्ष खरी निघाली. नारळीकरांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे गुरुशिष्यांच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्याचे मोल या दाटीच्या कल्पनेत वाटते.

याच नारळीकरांनी पुण्यात ज्या आयुकाची घडी बसवली, तेथील जयदीप बागची, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै 2017 मध्ये मीन राशीच्या दिशेला एक महासमूह जाहीर केला. अंतर सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे, विस्तार साठ कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. त्याला नाव दिले सरस्वती.

आता यापुढचा प्रश्न. ही दाटी सुरू केव्हा झाली? त्यासाठी अकराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश पाहावा लागतो. त्या काळच्या बहुसंख्य दीर्घिका इतक्या मंद आहेत, की त्यांना शोधायचे तर एखादी ठळक खूण हवी. कोवळे, तप्त तारे भोवतालच्या हायड्रोजनला चेतवतात आणि तो हायड्रोजन 121.6 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतो. त्याला लायमन-अल्फा म्हणतात. विश्वाच्या प्रसरणामुळे हा प्रकाश ताणला जाऊन आपल्यापर्यंत दृश्य रंगात येतो. नेमका तेवढाच रंग आत सोडणारी गाळणी दुर्बिणीवर बसवली, की त्या एका काळातल्या दीर्घिका लुकलुकताना दिसतात. चार्ल्स स्टायडेल यांना 1998 मध्ये एसएसए 22 या क्षेत्रात दीर्घिकांची अशीच एक प्राचीन दाटी आढळली होती. तीत पुढे हवाईतील सुबारू दुर्बिणीने लायमन-अल्फा दीर्घिकांचा एक लांबलचक पट्टाच उघड केला. आजच्या समूहांचे हे आदिसमूह.

येथेच जुने गृहीतक अडखळते. 2005 नंतरची काही वर्षे मराठवाड्याने भारनियमनात काढली. खेडी रात्ररात्र अंधारात, जिल्ह्याच्या गावी त्या मानाने उजेड. त्या काळी कोणी विमानातून दिवे मोजून लोकसंख्या ठरवली असती, तर नांदेड आणि लातूर या दोन गावांखेरीज या पट्ट्यात फारसे कोणी राहतच नाही, असा निष्कर्ष त्याने काढला असता. आकाशात प्रकार याच्या उलटा आहे: तेथे गावकुसाबाहेर दिवे दिसतात आणि भर पेठेत काळोख असतो. रिझुमू शिमाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यूएसएस 1558 या आदिसमूहाची मोजणी दोन प्रकारे केली. हायड्रोजनच्याच दुसऱ्या, तांबड्या रेषेने मोजले तेव्हा गाभ्यात दीर्घिका खच्चून भरलेल्या होत्या. लायमन-अल्फाने मोजले तेव्हा त्याच गाभ्यात त्या कमी पडल्या. कारण असे, की लायमन-अल्फाचा किरण हायड्रोजनच्या अणूंवर पुनःपुन्हा आपटत, वाट बदलत बाहेर पडतो. जितका वायू दाट तितकी ही वणवण लांबते आणि वाटेतली धूळ त्याला गिळण्याची शक्यता वाढते. दाटीच दाटीची खूण पुसून टाकते. सगळे आदिसमूह असेच वागतात असे नाही. एसएसए 22 मध्ये लायमन-अल्फाचे भलेमोठे तेजोमेघही आहेत. म्हणून एका रंगाची गणना ही शिरगणती मानता येत नाही.

उजेडावाचून मोजण्याची सोय आता याच प्रदेशात होऊ घातली आहे. नांदेडपासून साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना उठणारी गुरुत्वतरंगांची थरथर हे यंत्र टिपील. तिला ना धूळ अडवते, ना हायड्रोजन. त्या थरथरीवरून घटनेचे अंतरही थेट काढता येते. अडचण एवढीच, की ती नेमकी कोणत्या दीर्घिकेतून आली हे तरंग एकटा सांगत नाही. अमेरिका, इटली आणि जपान येथील यंत्रांच्या जोडीला औंढ्याचे यंत्र आले, की आकाशातला संशयित टापू पुष्कळ लहान होईल. त्या टापूत कोणकोणत्या दीर्घिका आहेत हे पाहण्यासाठी मात्र पुन्हा प्रकाशाने केलेली सूचीच उघडावी लागेल.