बस्ती

ताडकळसच्या थांब्यावर परभणीच्या गाडीची वाट बघणाऱ्या आजोबांच्या धोतराआडून प्लास्टिकची पिशवी डोकावत होती, निम्मी भरलेली. शेजारच्याने विचारलं, "बस्ती लावली का, बाबा?" आजोबा वैतागले, "बस्ती नाही रे, लघवीची पिशवी!"

आपल्याकडे बस्ती म्हणजे एनिमा. शब्दाच्या कुळात गेलं तर मात्र तो शेजारी चुकला नव्हता. संस्कृतात बस्ती म्हणजे मूत्राशयच. लघवी जिथे वसते ते, अशी फोड परंपरेने करतात. सुश्रुतसंहितेत गुदमार्गे काढा द्यायला गाय, म्हैस, डुक्कर, बोकड, मेंढा यांचं मूत्राशय कमावून पिशवी करायला सांगितलंय. तिच्या तोंडाला बांधायची नळी म्हणजे 'नेत्र'. पिशवीचं नाव उपचाराला चिकटलं. इंग्रजीचंही तेच: फुटबॉलमध्ये पूर्वी डुकराचं मूत्राशय फुगवून घालत, म्हणून आतला रबरी फुगाही ब्लॅडरच राहिला. आणि मूत्रमार्गाने औषध सोडलं की ती 'उत्तरबस्ती', म्हणजे बस्तीलाच बस्ती!

याच संहितेतल्या एका जागी मी दर वेळी थबकतो. बस्ती हे मर्म. त्याला घाव बसला की माणूस लगेच दगावतो. अपवाद मुतखडा काढताना केलेल्या जखमेचा. तिथेही बस्ती दोन्हीकडून फुटली तर जगत नाही. एकाच बाजूने फुटली तर लघवी गळणारी जखम होते आणि नेटाने उपचार केले तर भरते.

आजही कुठे फुटली यावरच सगळं ठरतं. मार न लागता मूत्राशय फुटणं विरळाच. लघवी तुंबलेल्या, दारूच्या अमलात असलेल्या किंवा ओटीपोटाला रेडिएशन घेतलेल्या माणसात ते घडतं. उदरपोकळीत सांडलेली लघवी पोटाचं अस्तर शोषून पुन्हा रक्तात ढकलतं. क्रिएटिनिन चढतं आणि धडधाकट किडनीवर आळ येतो. साध्या सीटीत हे निसटू शकतं, म्हणून नळीवाटे किमान 300 मिलीच्या आसपास पातळ केलेलं कॉन्ट्रास्ट मूत्राशयात भरून सीटी काढतात. गळती उदरपोकळीत असेल तर बहुधा पोट उघडून किंवा दुर्बिणीने शिवावं लागतं. बाहेरच्या बाजूला असेल तर पुष्कळदा नळी दोनेक आठवडे ठेवून भागतं.

ती नळी आत टिकते टोकाच्या फुग्यामुळे. अमेरिकेतले फ्रेडरिक फोली यांनी 1930च्या दशकात ती घडवली. पेटंट दुसऱ्याला गेलं, नाव यांचं राहिलं. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी संपली आणि माणसाच्या मूत्राशयात रबरी फुगा शिरला.

एसटी आली. आजोबांनी पिशवी उचलून छातीशी धरली, तसा कंडक्टर ओरडला, "खाली धरा, बाबा, उलटी जाईल!" त्यांनी ती गुडघ्याशी नेली आणि पायरी चढले.