परस, कुंपण आणि जंगल : एटापल्लीच्या वाडीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आता कुंड्या आणि खतावर बोलणार. त्यावरही थोडं बोलणार आहे. पण आधी एक साधा प्रश्न विचारतो. बाग म्हणजे काय? ज्या गावाला चारी बाजूंनी जंगल आहे, झाडांची कमतरता म्हणून नाही, तिथला माणूस घरामागे पुन्हा झाडं का लावतो?

एटापल्ली हे असं ठिकाण आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला माडिया गोंडांची गावं. साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू, सगळं दारापर्यंत आलेलं. तरीही कुठल्याही पाड्यावर जा, घराला लागून बांबूच्या कामट्यांचं कुंपण दिसतं. आत मका, वाल, दोडका, भोपळा, मिरची, वांगी. एखादा कोपरा तंबाखूचा. झाडीपट्टीतले आपले लोक अशा जागेला सांदवाडी म्हणतात, पुण्याकडे परसबाग, कुठे परडं. एटापल्लीकडे नुसतं वाडी म्हटलं तरी कळतं.

हा वाडी शब्दच आपल्याला पहिलं उत्तर देतो. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून वाटिका आली, वाडी आली, वाडाही आला. तिकडे इंग्रजीतला 'पॅरडाइज' हा शब्द जुन्या इराणी भाषेतला, त्याचाही अर्थ भोवती भिंत घातलेली जागा. म्हणजे फुलं नंतर, फळं नंतर, आधी कुंपण. 'एवढं मी सांभाळीन' असं माणूस जिथे म्हणतो, तिथे बाग सुरू होते. म्हणून बागेचा इतिहास लिहायचा तर कुंपणाचा इतिहास लिहावा लागतो.

आता माडिया माणसाचं जुनं शेत बघा. त्याला पेंडा म्हणतात. डोंगरउतारावरची झाडं तोडायची, वाळू द्यायची, उन्हाळ्यात जाळायची आणि पावसाच्या तोंडावर राखेत बी फोकायचं. कोसरीसारखं बारीक धान्य, सोबत वेल, शेंगा. नांगर नाही. दोन-तीन वर्षांनी ती जागा जंगलाला परत द्यायची आणि पुढे सरकायचं. शेजारच्या बस्तरमधल्या या शेतीचं सविस्तर वर्णन डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या 1938 सालच्या 'द मारिया गोंड्स ऑफ बस्तर' या पुस्तकात आहे. मुद्दा असा, की पेंडा फिरता आणि वाडी घराजवळची. एका गृहस्थीचे हे दोन हात होते.

मग 1861 साली मध्य प्रांत झाला. 1865 चा पहिला वन कायदा आला, 1878 चा दुसरा, 1927 चा तिसरा. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा रेघा ओढल्या गेल्या. सरकारच्या हिशेबात साग ही मालमत्ता, तेव्हा तो जाळणारा पेंडा गुन्हा ठरला. एटापल्लीचा भाग अहेरीच्या जमीनदारीतला, त्यामुळे बदल सगळीकडे एकाच वेळी आणि एकसारखा पोचला नाही. पण दिशा एकच होती. 1951 साली जमीनदाऱ्या गेल्या आणि ती जंगलंही सरकारकडे आली.

इथे मी एक तर्क मांडतो, पटला नाही तर खोडून काढा. पेंडा आक्रसला तशी वाडी महत्त्वाची झाली. जी बियाणी डोंगरावर कोसरीसोबत फोकली जायची, ती कुंपणाच्या आत आली. त्याचा पुरावा आजही स्वयंपाकघरात बघायला मिळतो. मक्याची कणसं आणि बियाणाचे दुधी चुलीच्या वर टांगलेले असतात, धुरामुळे किडा लागत नाही. शेतकी विद्यापीठाच्या शीतगृहात जे काम चालतं तेच काम ती चूल करते. आणि कुठलं कणीस खायचं, कुठलं ठेवायचं, हे बहुतेक घरची बाईच ठरवते.

आता कोणी म्हणेल, वा, म्हणजे वाडी शुद्ध, मूळची, बाहेरचा वारा न लागलेली. तसं नाही हो! वाडीतला मका अमेरिकेतला. मिरची अमेरिकेतली. लाल भोपळा, तंबाखू, पपई, पेरू, सीताफळ, सगळे तिकडचे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून हे पाहुणे किनाऱ्यावर उतरले आणि हातोहात, बाजारातून बाजारात, या जंगलापर्यंत पोचले. दुधी भोपळा त्याहून कितीतरी जुना पाहुणा, आफ्रिकेतला. त्याचा वाळवलेला तुंबा तर माडियांचं पाण्याचं भांडंच झाला. वांगं, काकडी, दोडका हे मात्र आपल्याच भूमीतले. म्हणजे ज्याला आपण 'मागास' म्हणून बाजूला ठेवलं, त्याच्या वाडीत तीन खंड नांदत होते. त्याने प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारला : तू माझ्या घराला काय देतोस?

हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांची गोष्ट आता ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या कंपनीच्या वनस्पती उद्यानात अमेरिकेतलं एक शोभेचं झुडूप आणलं. फुलं रंगीत, गुरं तोंड लावत नाहीत, कुंपणाला छान. साहेबांच्या बंगल्यांभोवती ते लागलं. फळं पक्ष्यांनी खाल्ली, बी जंगलात पडलं. हीच आपली घाणेरी, काही ठिकाणी तिला टणटणी म्हणतात. आज देशभरातल्या जंगलांत ती पसरली आहे, तिच्याखाली गवत येत नाही, नवी रोपं धरत नाहीत. विदर्भात कुंपणाला लावलेल्या बेशरमचंही तेच, तोही अमेरिकेतूनच आलेला आणि नावाप्रमाणेच वागणारा. गरिबाने पेंडा जाळला म्हणून जंगल बिघडलं, असं आपण शंभर वर्षं ऐकलं. एका शोभेच्या बागेने जंगलाचं काय केलं, हे मात्र कोणत्या खटल्यात आलं नाही.

कुंपणाकडे परत येऊ. वाडीचं कुंपण बांबूचं, आणि ते दर वर्ष-दोन वर्षांनी डागडुजीला येतं. बांबू कुठून आणायचा? मध्य प्रांतात गावकऱ्यांचे निस्तार हक्क मानलेले होते. घरासाठी, कुंपणासाठी, सरपणासाठी जंगलातून वस्तू घेण्याचा रिवाज गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवला जाई. पुढे बांबू कागद कारखान्यांचा कच्चा माल झाला, आणि कुंपणाच्या चार कामट्यांसाठी माणूस नाक्यावर हात जोडू लागला. आपल्याच परसातला साग, मोह किंवा आंबा तोडायचा तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. कायद्यामागचा हेतू मी नाकारत नाही. पण बघा, कुंपणाच्या आतही जंगल खातं होतं.

2006 चा वनहक्क कायदा म्हणूनच मला बागेच्या इतिहासातलाही मोठा टप्पा वाटतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी ज्या वनजमिनीवर राहतो आणि कसतो, ती 4 हेक्टरच्या मर्यादेत त्याची, असं त्याने मानलं. पुरावा म्हणून कागदच हवा असं नाही, घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेला बांध हेही चालतं. म्हणजे माणसाच्या हाताच्या खुणा साक्षीदार झाल्या. त्याच कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

आता आजचं एटापल्ली. 1982 साली 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, शिक्षक, कर्मचारी, ठेकेदार आले, स्लॅबची घरं आली. घर बांधलं की अंगणाला फरशी, फाटकाशी दोन अशोक, जमलं तर विकतचं लॉन. मी कुणाला हसत नाही. निवृत्तीनंतर मीही माझ्या अंगणात लॉन केलं होतं. पहिल्या पावसात त्यात तरोटा उगवला. मी तो उपटून फेकत होतो आणि घरी कामाला येणारी बाई तो पदरात गोळा करत होती, भाजीसाठी. तण कशाला म्हणायचं यावर मी वर्गात तासभर बोललो असतो. तिने ते काम एका ओंजळीत केलं. पुढच्या मेमध्ये लॉन जळून गेलं. तरोटा जूनमध्ये पुन्हा हजर.

तेव्हा ज्यांना या भागात घर आणि अंगण करायचं आहे, त्यांना इतिहासातून चार गोष्टी सांगतो. फरशी चालण्यापुरतीच घाला. इथे पाऊस भरपूर पडतो, तो जमिनीत जाऊ द्या, कारण मे महिन्यात तोच विहिरीत शोधावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला बांबूचा मांडव करून दोडका, वाल, कारलं चढवा, दुपारचं ऊन पानं झेलतील. मोरीचं पाणी केळी, अळू, पपईकडे वळवा. आणि कुंपणाला घाणेरी दिसली तर फळ धरण्याआधी मुळासकट काढा, ती तुमच्या घरची राहत नाही. उमेद अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत हीच जुनी वाडी नव्या नावाने आली आहे. स्वागत आहे. फक्त एक विनंती. बियाण्याची पाकिटं वाटण्याआधी गावातल्या चुलीवर काय टांगलेलं आहे ते एकदा बघा.

अथेन्समध्ये एपिक्युरसची शाळा बागेत भरायची, म्हणून त्याच्या शिष्यांना बागेतले लोक म्हणत. तिथे जगाकडे पाठ फिरवून शांती शोधायची होती. एटापल्लीच्या वाडीला ती चैन कधी परवडली नाही. तिच्या कुंपणाच्या एका बाजूला चूल होती आणि दुसऱ्या बाजूला सरकारचं जंगल, आणि मधल्या गुंठाभर जागेत एका समाजाने आपलं बी टिकवलं. तुमच्या अंगणात पुढच्या मृगात काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. मी यंदा तरोट्याला हात लावणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.