भीती आणि भाकीत

अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे विवेकनिष्ठ मानसोपचाराचा प्रवर्तक (१९१३–२००७) मराठी वाचकाला जवळचा झाला. स्त्रियांशी बोलण्यास भिणाऱ्या एलिसने १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभरात सुमारे १०० अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. एकीनेच भेटीचे वचन दिले; तीही आली नाही. तरी भीती ओसरली. ती का ओसरावी? रेस्कोर्ला व वॅग्नर यांचे १९७२चे गणिती प्रारूप सांगते की, अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावतीच्या प्रमाणात शिकणे घडते. एलिसला अनर्थ अपेक्षित होता. वाट्याला आला केवळ नकार. पुढे विचारपरिवर्तनावर भर देतानाही त्याने प्रत्यक्ष कृतीचा आग्रह सोडला नाही. आम्हांस वाटते, युक्तिवाद भीतीतले भाकीत उघडे करतो. ते खोटे ठरवतो अनुभवच.