जुनी हातअवजारे खरेदी करताना काय तपासावे?

आठवडी बाजारात किंवा भंगार दुकानात कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, पहार, विळा, खुरपे अशी जुनी अवजारे कमी किमतीत मिळतात. चांगल्या पोलादाचे जुने अवजार अनेक वर्षे चालते. मात्र तडा गेलेले किंवा पाणी उतरलेले अवजार मजुराला इजा करू शकते. त्यामुळे गंज किंवा तुटका दांडा पाहून अवजार नाकारू नये, आणि केवळ कंपनीचा शिक्का पाहून घेऊही नये. दांडा बदलता येतो, पोलाद बदलता येत नाही.

खरेदीची वेळ

रब्बीची काढणी झाल्यावर खरेदी करावी. पावसाळ्यापूर्वी लोहाराकडून अवजार शेवटून घेण्यास व दांडा बसवण्यास वेळ मिळतो. बाजारात जाताना कानस, तारेचा ब्रश व सुतळी सोबत ठेवावी.

तपासणी

• तडा : दांडा नसलेली कुऱ्हाड किंवा टिकाव सुतळीला टांगून लोखंडाने हलके ठोकावे. खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आल्यास तडा असण्याची शक्यता असते. नेढ्याच्या कडा ब्रशने घासून बारकाईने पाहाव्यात.

• धारेचे पोलाद : कानस धारेवर फिरवावी. ती सहज खोल चावल्यास धार मऊ आहे. थोडा जोर लावल्यावर चावल्यास पोलाद योग्य आहे. काचेवरून घसरावी तशी सरकल्यास धार ठिसूळ असते. दगडावर बसताच टवका उडतो.

• निळा डाग : धारेजवळ निळसर पट्टा दिसल्यास ग्राइंडरवर अवजार तापून पाणी उतरलेले असते. लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते; तो खर्च किमतीत धरावा.

• झीज : काही अवजारांत धारेपुरतेच पोलाद जोडलेले असते. वारंवार शेवटून पाते फार आखूड झाले असल्यास पोलाद संपलेले असू शकते.

• गंज : वरचा लाल गंज निघतो. खोल खड्डे धारेपर्यंत गेले असल्यास अवजार घेऊ नये.

• वेल्डिंग : नेढ्यावर वेल्डिंग केलेली कुऱ्हाड किंवा टिकाव घेऊ नये. घाव घालताना जोड सुटून पाते उडू शकते.

• शासकीय शिक्का : पहार, टिकावावर रेल्वेची खूण असल्यास पावती नसताना घेऊ नये. रेल्वेची चोरीची मालमत्ता जवळ बाळगणे १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

किंमत कशी ठरवावी?

अवजाराची किंमत, लोहाराची मजुरी व नवीन दांडा यांची बेरीज करावी. ती त्याच प्रतीच्या नवीन अवजाराच्या किमतीजवळ जात असल्यास नवीनच घ्यावे.

वापरापूर्वी

१. गंजलेले पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावावे.

२. दांडा वाळलेल्या बाभळीचा, उभ्या रेषांचा व गाठी नसलेला असावा. ओला दांडा वाळल्यावर आकसतो व पाते सैल होते.

३. सैल पाते पाण्यात भिजवून घट्ट करू नये; लाकूड वाळताच ते पुन्हा सुटते. पाचर ठोकावी.

४. खुरपे व विळा घेताना जी व्यक्ती वापरणार आहे, तिच्या हातात मूठ बसते का ते पाहावे. जाड मुठीने दिवसभर निंदणी केल्यास मनगट दुखते.

गंजलेल्या अवजाराने जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.