बाहुलीची साक्ष

मनुष्याच्या इच्छेची वाट न पाहता शरीरात जे व्यवहार अहोरात्र चालू असतात, त्यांचे मज्जातंतू बहुतांशी खोल दडलेले असल्यामुळे जठराची वा हृदयाची हालचाल प्रत्यक्ष पाहावयाची तर हाती शस्त्रच घ्यावे लागते. परंतु डोळ्यातील बाहुली मात्र दृष्टिपटलावर प्रकाश पडताच आकसते, अंधारात विस्फारते, आणि हा सारा कारभार पाहणाऱ्यासमोर उघड्यावर चालतो. दृष्टिपटलाचे कार्य आणि स्वायत्त मज्जासंस्थेचे विकार या दोन प्रांतांच्या शिवेवर ज्यांनी आयुष्ये वेचली, त्यांना म्हणूनच पुन:पुन्हा बाहुलीच्याच साक्षीवर विसंबावे लागले.

1727 मध्ये पूरफूर द्यू पती या फ्रेंच वैद्याने कुत्र्याच्या मानेतील मज्जातंतू छेदला असता त्याच बाजूची बाहुली लहान झाल्याचे दाखवून दिले. हा तंतू मेंदूतून खाली उतरतो असे तोवर मानले जाई. तो खालून वर डोळ्याकडे जातो, हे त्या छेदाने उघड झाले. पुढे 1751 मध्ये एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट याने प्रकाशाने होणारे आकुंचन ही दृष्टिपटलापासून सुरू होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असल्याचे प्रतिपादले. आपल्याकडे धोत्र्याच्या बिया चारून वाटसरूंना लुबाडल्याच्या फिर्यादी इंग्रजी अमदानीतील फौजदारी दप्तरांत नमूद आहेत. तेथेही बेशुद्ध माणसाच्या विस्फारलेल्या बाहुल्या ही विषप्रयोगाची मोठी खूण ठरे, कारण ते विष बाहुली आकसविणाऱ्या तंतूंचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचूच देत नाही.

या विषयाची खरी मांडणी झाली ती केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली याच्या हातून. 1889 मध्ये विल्यम ली डिकिन्सन याच्या साहाय्याने त्याने जो प्रयोग केला, त्याची साधेपणातील अचूकता आजही आदर उत्पन्न करते. सशाच्या मानेतील वरच्या मज्जागुच्छिकेवर, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीवर, निकोटीनचा पातळ द्राव त्याने कुंचल्याने लावला. त्यानंतर गुच्छिकेखालच्या तंतूला विजेने चेतविले तरी बाहुली ढिम्म हलेना, आणि गुच्छिकेच्या पलीकडील तंतू चेतविताच ती पूर्ववत विस्फारली. यावरून गुच्छिकेत एक तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे स्पष्ट झाले. आणि शरीरात कोणता तंतू कोणत्या गुच्छिकेत थांबतो व कोणता तिच्यातून नुसता पुढे जातो, याची मोजणी करण्याचे साधन हाती आले. ही मोजणी त्याने पुढील कित्येक वर्षे चिकाटीने चालविली. स्वायत्त मज्जासंस्था हे नाव 1898 मध्ये त्यानेच रूढ केले. 1925 मध्ये तो निवर्तला. स्वयंसिद्ध वाटणाऱ्या गोष्टीही तपासल्यावाचून न स्वीकारण्याची त्याची वृत्ती मला त्याच्या सिद्धांतांहूनही मोलाची वाटते.

दृष्टिपटलाच्या बाजूने मात्र एक महत्त्वाची नोंद दीर्घकाळ उपेक्षित राहिली. हार्वर्ड विद्यापीठात क्लाइड कीलर हा तरुण सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या डोळ्यांचे छेद पाहत असता काहींच्या दृष्टिपटलात शलाकापेशींचा थरच नसल्याचे त्यास आढळले. दोष आनुवंशिक होता. त्याचा वृत्तांत 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या प्रकाशाने आकसत होत्या, आणि 1927 मध्ये कीलरने हे प्रसिद्धही केले. प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी दोनच, शलाका आणि शंकू, या दृढ समजुतीपुढे ही नोंद अनेक दशके बाजूला पडून राहिली.

1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्याच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाशग्राही द्रव्य सापडले, आणि 2002 मध्ये डेव्हिड बर्सन, समेर हत्तार प्रभृतींनी हेच द्रव्य धारण करणाऱ्या, स्वत:च प्रकाश जाणणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी दृष्टिपटलाच्या आतील थरात दाखविल्या. त्यांचे तंतू मेंदूतील बाहुलीच्या केंद्राकडे जातात, तसेच निद्रा व जागृतीचे घड्याळ राखणाऱ्या केंद्राकडेही जातात. चार्ल्स चाइस्लर याने 1995 मध्ये तपासलेल्या 11 अंध रुग्णांपैकी 3 जणांत तेजस्वी प्रकाशाने मेलाटोनिन या रात्री पाझरणाऱ्या संप्रेरकाचे स्रवण थांबल्याचे आढळले होते. त्यांना काहीच दिसत नव्हते, तरी त्यांच्या डोळ्यांतून मेंदूस दिवसरात्रीची वर्दी पोहोचत होती. निरुपयोगी म्हणून अंधाचा डोळा काढून टाकण्यापूर्वी, त्यात ही ग्रहणशक्ती शिल्लक आहे काय, याचा विचार वैद्यास आता करावा लागतो.