मॅरेथॉन एक्स्पो
मॅरेथॉन एक्स्पो हे मॅरेथॉन शर्यतीच्या आधीच्या दिवसांत भरणारे, धावपटूंसाठीचे प्रदर्शन होय. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचा एक्स्पो वांद्रे-कुर्ला संकुलात भरत आला आहे. येथे ओळखपत्र दाखवून धावपटू आपला धावक्रमांक, म्हणजेच बिब, घेतात. त्यासोबतच्या चिपमुळे ४२.१९५ किलोमीटर अंतरास लागलेल्या वेळेची नोंद होते. क्रीडासाहित्याची दालनेही येथे असतात. शर्यतीच्या दिवशी बिब सामान्यतः दिले जात नाही. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील मुळशीसारख्या तालुक्यांतील धावपटूंना किमान एक दिवस आधी मुंबई गाठावी लागते. परिणामी, प्रवेशशुल्काखेरीज प्रवास व मुक्कामाचा खर्चही त्यांना करावा लागतो. एक्स्पोत फार वेळ उभे राहिल्याने पाय थकतात. म्हणून बिब घेऊन लवकर विश्रांती घेणे इष्ट मानले जाते.